रूम चौदामधली अमेरिकेची राज्यघटना

ओमानमध्ये तू काय करत होतीस, असं कोणी विचारलं की मी खरं ते सांगते. अमेरिकेची राज्यघटना शिकवत होते! समोरचा माणूस हातातला कप खाली ठेवतो आणि विचारतो, कुणाला? मी म्हणते, ओमानी मुलांना, तीन-चार इजिप्तच्या, एक सुदानचा, दोन आपल्याकडचे. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो. तू अमेरिकेला गेली होतीस का कधी? नाही. आजतागायत नाही.

इथून किस्से सुरू होतात आणि आमच्या घरचे उठून आत जातात, कारण त्यांनी ते ऐकलेले आहेत. माझं असं होतं की एक सांगायला घेतला की त्याच्या पाठोपाठ दुसरा येऊन उभा राहतो, आणि तो सांगेपर्यंत तिसरा. एकाच वर्षात, एकाच वर्गात, तेरा मुलांनी मला इतके धक्के दिले की तेव्हाच लिहून ठेवायला हवे होते. ठेवले नाहीत. आता आठवतील तसे सांगते.

आधी मी तिथे पोचले कशी ते. मी मूळची औरंगाबादची. एलएल.बी. केलं, सनद घेतली, काळा कोट जेमतेम वर्षभर घातला आणि लग्न करून मस्कतला आले. वादी कबीरला फ्लॅट, नवरा कुरुमच्या एका कंपनीत इंजिनिअर, मुलगी शाळेत, आणि मी एका अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत लायब्ररी असिस्टंट. छान चाललं होतं. मग तेलाचे भाव कोसळले. एका गुरुवारी कंपनीने नवऱ्याच्या अख्ख्या डिपार्टमेंटला बोलावून सांगितलं, खलास. त्याला सलालाहच्या बंदरावर एक तात्पुरतं काम मिळालं, तेही जूनपर्यंतच. त्यानंतर त्याला दुसरं काही मिळेपर्यंत मस्कतमध्ये तग धरायचा तर माझा पगार चालू राहणं भाग होतं. आणि नेमकं त्याच वर्षी शाळेने लायब्ररी असिस्टंटची जागाच काढून टाकायचं ठरवलं!

अशात 'यू.एस. गव्हर्नमेंट' शिकवणारे अमेरिकन सर उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेले ते परत आलेच नाहीत. आमच्या प्रिन्सिपल मिसेस बेकर मूळच्या ओहायोच्या, पण ओमानमध्ये बारा वर्षं काढलेल्या. त्यांनी माझी फाइल उघडली आणि मी कायदा शिकले आहे हे पाहिलं. मी म्हटलं, मॅडम, भारताचा कायदा. त्या म्हणाल्या, "कायदा तो कायदा. यल्ला, लागा कामाला." आणि माझ्या हातात दोन पानं ठेवली. वर लिहिलं होतं, 'की टर्म्स'. खाली चाळीस शब्द. हे चाळीस शब्द मुलांना समजावायचे. फेब्रुवारीत अमेरिकेहून शाळेला मान्यता देणारे लोक येतील, ते माझा तास बघतील. त्यांना मी चालले तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट, नाहीतर जूनमध्ये गुडबाय.

वर्ग होता रूम नंबर चौदा, आणि मुलं तेरा. अमेरिकेतही सुरुवातीला राज्यं तेराच होती, म्हणून मी एकेका मुलाला एकेक राज्य वाटून दिलं. मला वाटलं, काय भारी आयडिया! पुढचे सगळे धक्के त्या आयडियातून निघाले.

*

पहिला धक्का मात्र मीच दिला.

पहिल्याच आठवड्यात मी चाळीसही शब्दांची उत्तरं टाइप केली आणि मुलांना वाटली. एकोणतिसावा होता 'फादर ऑफ द कॉन्स्टिट्यूशन'. आता घटनेचे शिल्पकार कोण, हा प्रश्न मी तिसरीपासून सोडवत आले आहे. दर चौदा एप्रिलला त्यावर भाषण केलंय, कप मिळवलाय, त्यांचा फोटो आमच्या हॉलमध्ये वादी कबीरलाही होता. माझा हात थांबलाच नाही. नाव टाइप झालं, प्रिंट निघाली, वाटून झाली.

तेरा मुलांनी ते नाव पाठ केलं. आधीच्या 'डॉक्टर'सकट.

चाचणीचे पेपर मिसेस बेकर स्वतः बघायच्या. त्यांनी मला बोलावलं. टेबलावर तेरा पेपर उघडे, आणि तेराही ठिकाणी लाल गोलात तेच नाव. त्यांनी विचारलं, हे गृहस्थ कोण? मी म्हटलं, घटना यांनीच लिहिली, पण आमची. हे अमेरिकेत कधी होते का? होते, न्यूयॉर्कला शिकायला होते. कधी? मी मनात हिशेब केला आणि सांगितलं, तुमची घटना लिहून झाल्यावर सव्वाशे वर्षांनी.

मिसेस बेकरनी सगळे पेपर स्वतःकडे ओढले. मग पेन उचललं आणि तेराही पेपरांना अर्धा-अर्धा मार्क दिला.

"बाप बरोबर लिहिलाय," त्या म्हणाल्या. "मूल चुकलंय."

*

इनास अंकल म्हणजे शाळेचे ट्रान्सपोर्ट इन्चार्ज. वसईचे, नाव इग्नेशियस, तीस वर्षं मस्कतमध्ये. अख्ख्या शाळेत माझ्याशी मराठीत बोलणारा हा एकच माणूस. बसेसबरोबर बिल्डिंगचं किरकोळ कामही तेच बघायचे.

सप्टेंबरमध्ये आम्ही वर्गात घटना समिती भरवली. खरी समिती फिलाडेल्फियात ऐन उन्हाळ्यात बसली होती, आणि बाहेर कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या बंद ठेवल्या होत्या. हे मी सांगायला नको होतं. यूसुफ नावाचा एक ओमानी मुलगा होता, पंधरा वर्षांचा, बोलणं मात्र साठीच्या वकिलाचं. तो उठला, दार लावलं, पडदे ओढले. मग म्हणाला, तेव्हा एसी नव्हता. आणि एसी बंद केला!

मस्कतचा सप्टेंबर, सकाळचे अकरा. दहा मिनिटांत सगळ्यांचे चेहरे लालबुंद. मी म्हटलं, पुरे, चालू कर. यूसुफने मतदान घेतलं. मी हात वर केला तर तो अदबीने म्हणाला, "मिस, तुम्ही राज्य नाही. तुम्हाला मत नाही." मुलं सगळी इंग्रजीत बोलायची, पण त्या वाक्याचा मराठीतही तितकाच धक्का बसतो.

तेवढ्यात इनास अंकलनी दार उघडलं. आतली हवा तोंडावर आली तशी ते दोन पावलं मागे सरले.

"अगो बाय, पोरांना वाफवतेस की काय?"

यूसुफने त्यांना सांगितलं की आतली चर्चा गुप्त आहे, आणि दार परत लावून घेतलं. मी घाबरून घड्याळाकडे बघत होते. कोणाला चक्कर आली तर नोकरी आजच जाणार. पण त्या बारा मुलांनी (तेरावा कुठे होता ते पुढे येतं), जी एरवी पिझ्झा कुठला मागवायचा यावर दोन दिवस भांडायची, त्यांनी मोठी राज्यं-छोटी राज्यं, एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, दुसऱ्यात सगळ्यांना सारख्या, हे सगळं बावीस मिनिटांत मिटवलं. आणि दार उघडून पाण्याच्या कूलरकडे पळाली.

अमेरिकेची घटना इतकी छोटी का आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

*

फहदच्या वाट्याला ऱ्होड आयलंड आलं होतं. सगळ्यात छोटं राज्य म्हणून तो आधी रुसला. मग घटना समिती भरली त्या दिवसापासून वर्गात यायचाच बंद झाला.

तीन दिवस मी त्याची गैरहजेरी लावत होते. चौथ्या दिवशी तो मला कँटीनमध्ये दिसला, आमच्याच तासाला, शांतपणे सँडविच खाताना. मला बघून पळालासुद्धा नाही. सलाम केला. मी थेट वडिलांना बोलावून घेतलं.

वडील त्याला घेऊन आले, पायघोळ पांढरीशुभ्र दिशदाशा, हातात गाडीची किल्ली, चेहऱ्यावर काळजी. मी तक्रार सांगितली. ते गोंधळले. म्हणाले, मिस, तो रोज रात्री पुस्तक घेऊन बसतो आणि सांगतो की मी तुमचाच गृहपाठ करतोय. मी फहदकडे पाहिलं. त्याने पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं, एका ओळीखाली रेघ मारलेली. ऱ्होड आयलंडने घटना समितीवर बहिष्कार टाकला होता. एकही प्रतिनिधी पाठवला नव्हता.

हे मला माहीत नव्हतं!

वडिलांनी ती ओळ दोनदा वाचली. पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि विचारलं, मग याला पूर्ण मार्क मिळणार ना?

द्यावे लागले.

*

'सेपरेशन ऑफ पॉवर्स', म्हणजे सत्तेची विभागणी, हा शब्द काही केल्या मुलांच्या डोक्यात शिरत नव्हता. मी तीन चौकोन काढले, बाण काढले, रंग भरले. काही उपयोग नाही. दुपारी बस ऑफिसमध्ये इनास अंकलपाशी रडगाणं गायले. त्यांनी यादी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, यात काय आहे एवढं?

"बघ गो. स्टिअरिंग ड्रायव्हरच्या हातात. चावी माझ्याकडे. आणि डिझेलच्या स्लिपवर सही अर्बाबची, शाळेच्या मालकाची. कोणी एकट्याने बस पळवू शकत नाय."

मी हे जसंच्या तसं वर्गात सांगितलं. सगळ्यांना एका मिनिटात कळलं. परीक्षेत नऊ जणांनी तेच उत्तर लिहिलं, इनास अंकलचं नाव घालून. मिसेस बेकरनी मला फक्त एवढंच विचारलं की हा इग्नेशियस कुठल्या राज्यातून निवडून आला होता.

पण खरी गंमत पुढे आहे. नोव्हेंबरात एक दिवस शाळा सुटली, सगळी मुलं बसमध्ये चढली, ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसला, आणि बस काही हलेना. टाकी रिकामी. अर्बाब निझवाला लग्नाला गेलेले, सही नाही. इनास अंकल खिशात चावी घेऊन फोनवर फोन लावतायत. पाऊण तास गेला. मी घामाघूम होऊन बसमध्ये चढले. म्हटलं, मुलं वैतागली असतील, पालकांचे फोन येतील.

मुलं एकदम खूश होती. मरियम नावाची एक गप्प मुलगी खिडकीशी बसायची. ती म्हणाली, "मिस, कोणीच वाईट वागत नाहीये. आणि तरी बस उभी आहे. हे असंच व्हावं म्हणून केलंय ना घटना लिहिणाऱ्यांनी?"

मी खाली उतरले आणि स्लिप कोण फॅक्स करू शकेल ते शोधायला गेले.

*

त्याच नोव्हेंबरात अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली. मी आनंदात होते, शिकवायला आयतं मिळालं. 'इलेक्टोरल कॉलेज' हा शब्द मी आदल्याच महिन्यात उरकला होता. उरकला म्हणजे काय, लोक मतदान करतात, ज्याला जास्त मतं तो जिंकतो, मधे हे कॉलेज म्हणून काहीतरी औपचारिक मंडळ असतं, असं सांगून मोकळी झाले होते. आपल्याकडेही राष्ट्रपती असाच निवडतात, मला वाटलं त्यातलाच प्रकार. मरियमने चाचणीत लिहिलं होतं की कमी मतं मिळालेला माणूससुद्धा जिंकू शकतो. मी त्यावर फुली मारली होती. बाजूला लिहिलंही होतं, 'नीट विचार कर'.

निकाल लागला. दोन-चार दिवसांत हळूहळू आकडे आले. हरलेल्याला जास्त मतं!

मी मोबाइल घेऊन स्टाफरूममध्ये उभीच राहिले. बेरीज परत बघितली. मला वाटलं, बातमीवाल्यांची चूक असेल. मिसेस बेकर समोर कॉफी ढवळत होत्या, बराच वेळ, साखर न घालता. मी विचारलं, मॅडम, हे असं होऊ शकतं? त्या म्हणाल्या, हो. मग म्हणाल्या, तुम्ही शिकवलंत ना हे?

वर्गात गेले तर तेराही जण आधीच जागेवर बसलेले. मरियमने तो जुना पेपर माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी माझी फुली खोडली, मार्क दिला, आणि 'नीट विचार कर' या शब्दांखाली माझं स्वतःचं नाव लिहिलं.

*

मरियमचाच आणखी एक. हा सांगताना मला अजून बरं वाटत नाही.

डिसेंबरात आमच्या वर्गाची घटना लिहून झाली. 'आम्ही, रूम चौदाचे लोक' अशी सुरुवात, खाली सात कलमं, छान कॅलिग्राफी. आता प्रत्येक राज्याने सही करायची. खरी घटना लागू व्हायला तेरांपैकी नऊ राज्यांची मंजुरी पुरेशी होती, त्यामुळे एखाद-दुसरा अडला तरी आमचं काही बिघडणार नव्हतं. बारा सह्या झाल्या. ऱ्होड आयलंडसुद्धा झालं! मरियम पेन घेईना.

मी विचारलं, काय चुकलंय? तिने सांगितलं, यात सरकार काय काय करेल ते लिहिलंय. काय करणार नाही, ते कुठे आहे? अमेरिकेतही कित्येक लोक यावरच अडून बसले होते आणि त्यातून त्यांचे मूलभूत हक्क लिहिले गेले, हे मीच शिकवलं होतं. मला कौतुक वाटलं. म्हटलं, लिही, तुला कुठला हक्क हवा तो लिही.

तिने एकच ओळ लिहिली. 'शिक्षकांनी मार्क मोठ्याने वाचून दाखवू नयेत.'

मी दर चाचणीनंतर मार्क वाचून दाखवायचे. सगळ्यात कमी ज्याचे त्याच्यापासून सुरुवात. माझ्या शाळेत असंच होतं, माझ्या मुलीच्या शाळेत असंच होतं, यात काही गैर आहे हे मला कधी सुचलंच नव्हतं. उलट मला वाटायचं, पोरं जिद्दीने अभ्यास करतात. मरियमचं नाव पहिल्या चाचणीत पहिलं आलं होतं. पहिलं म्हणजे सर्वात कमी. त्यानंतर ती खिडकीशी बसायला लागली होती, आणि मी समजत होते की मुलगी स्वभावाने गप्प आहे.

मी विचारलं, इतकं वाईट वाटतं? ती म्हणाली, "मिस, आठवी दुरुस्ती. क्रूर आणि विचित्र शिक्षेला बंदी." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. मी शाळेत असताना माझ्या वर्गातल्या कोणकोणत्या मुली खिडकीशी बसायच्या, ते घरी जाऊन आठवत राहिले.

ठराव तेरा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. मला मत नव्हतंच. मरियमने सही केली.

*

फेब्रुवारीत पाहुणे आले.

मी पंधरा दिवस तयारी केली होती. 'फेडरलिझम' घेणार होते. केंद्र आणि राज्यं, रंगीत तक्ता, दोन मुलांचा छोटा संवाद, सगळं बसवून ठेवलेलं. नवऱ्याचा सलालाहून फोन आला होता की तिकडे काम वाढवून मिळण्याची आशा नाही. त्यामुळे आता जे काही होतं ते या पंचेचाळीस मिनिटांत होतं. तास बघून ते एक फॉर्म भरणार, आणि त्या फॉर्मवरच माझं कॉन्ट्रॅक्ट.

मिसेस बेकर एका गृहस्थांना घेऊन आल्या. अटलांटाचे, साठीचे, उंच, काळे, पांढरी आखूड दाढी, कोटाची सगळी बटणं लावलेली. त्यांनी मागच्या बाकावर बसायच्या आधी माझ्याकडे यादी मागितली. मी चाळीस शब्दांची दोन पानं दिली. त्यांनी ती वाचली आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"आज हा घ्या."

'थ्री-फिफ्थ्स कॉम्प्रमाइज'. तीन-पंचमांश तडजोड.

मिसेस बेकर म्हणाल्या, यांची तयारी दुसऱ्या विषयाची आहे. ते म्हणाले, यादी त्यांचीच आहे ना? आणि जाऊन बसले.

खरं सांगायचं तर चाळीसांतला हा एकच शब्द मी टाळला होता. ऑक्टोबरात दोन वाक्यांत सांगून पुढे गेले होते. का, ते मला तेव्हाही माहीत होतं. या शाळेत माझं आडनाव कोणाला काही सांगत नव्हतं. इनास अंकलना माहीत असेल, ते कधी बोलले नाहीत. बाकी सगळ्यांसाठी मी नुसती मिस वंदना होते, इंडियाची, आणि मला ते फार बरं वाटायचं. असे शब्द फळ्यावर लिहिले की पुढचे प्रश्न येतात.

पण लिहिला. आणि सांगायला लागले. राज्याला जागा लोकसंख्येप्रमाणे मिळणार होत्या. मग गुलाम धरायचे की नाही? दक्षिणेची राज्यं म्हणाली, धरा. उत्तरेची म्हणाली, नको. शेवटी ठरलं, पाच गुलाम म्हणजे तीन माणसं.

यूसुफने हात वर केला. त्यांना मत होतं का? नाही. मग मोजले कशाला? मी म्हटलं, मालकांच्या राज्याला जास्त जागा मिळाव्यात म्हणून. तो बसला. म्हणाला, म्हणजे त्यांना अजिबात मोजलं नसतं तर बरं झालं असतं. मी हो म्हटलं. फळ्याकडे तोंड करून उभी होते, कारण मागच्या बाकाकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती.

तेवढ्यात मरियम उठली. माझ्याकडे नाही, मागे वळून.

"सर, तुमच्या घरच्यांना असं मोजलं होतं?"

मिसेस बेकरनी डोळे मिटून घेतले. मी मनात म्हटलं, संपलं! आजच सामान बांधायला घ्यावं.

ते गृहस्थ जागचे हलले नाहीत. साध्या आवाजात म्हणाले, हो. माझ्या आजीच्या आजोबांना. तो कागद मी शोधून काढला. त्यात मालकाचं नाव आहे. आजोबांचं नाव नाही, फक्त वय लिहिलंय.

मग फहदने, ज्याला कुठे गप्प बसावं ते कधीच कळलं नाही, सरळ मला विचारलं, "मिस, आणि इंडियात?"

मला सांगता आलं असतं की इंडिया आपल्या यादीत नाही. तास संपायला सहा मिनिटं होती. ते सगळं मला सुचलं होतं. पण तोंडातून दुसरंच निघालं.

"आम्हाला पूर्ण मोजायचे," मी म्हटलं. "माझ्या आजोबांच्या लहानपणी शिरगणतीवाला आला होता. एक माणूस म्हणजे एक, असंच त्याने लिहिलं. फक्त तो आमच्या वस्तीत आला नाही. बाहेर रस्त्यावर उभा राहिला आणि एकेकाला लांबून नाव ओरडून सांगायला लावलं. घरातल्या माणसांनी नावं ओरडली, त्याने लिहून घेतली, आणि तो घरी जाऊन आंघोळ करून जेवला."

कोणीतरी विचारलं, का? मी म्हटलं, आम्हाला शिवलं तर बाटतात, असं ते मानायचे. आम्हाला, हा शब्द मी त्या शाळेत तेव्हा पहिल्यांदा वापरला. मग खडू खाली ठेवला. घंटा होईपर्यंत कोणी पुस्तक मिटलं नाही. रंगीत तक्ता तसाच गुंडाळलेला राहिला.

ते गृहस्थ जाताना माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. नुसती मान हलवली. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत मी काही खाल्लं नाही म्हटलं तरी चालेल. नवऱ्याला फोनवर सांगितलं की मी सगळं घालवून बसले.

रविवारी मिसेस बेकरनी फॉर्म माझ्यापुढे ठेवला, सही करायला. वरचा भाग त्यांनी पाहुणे यायच्या आधीच टाइप करून ठेवलेला होता. शिक्षिकेचं नाव, वय, पदवी. त्याखाली एक चौकोन होता, 'या विषयाचा पूर्वानुभव'. त्यात त्यांनी टाइप केलं होतं, 'नाही'.

त्या 'नाही'वर शाईने एक सरळ रेघ मारलेली होती. बाजूला छोट्या, नीटस अक्षरात लिहिलं होतं, 'माझ्याइतकाच', आणि खाली अटलांटाच्या त्या गृहस्थांची सही.